मुलगा पाठव, एवढंच म्हटलं होतं

लोक आपला अनुभव लिहितात ते सगळं गोड झाल्यावर, पेढे वाटल्यासारखं. माझ्याकडं पेढे नाहीत, हे आधीच सांगून टाकते. आमच्या आश्रमातली शोभामावशी, जी आम्हा म्हाताऱ्या माणसांचं उठवणं-बसवणं करते, ती माझ्या मागंच लागली, "काकू, लिवून काढा की. वाचून माणसांची श्रद्धा वाढंल." वाढेल का उतरेल, मला ठाऊक नाही. अंबाबाईनं मला दिलं हे खरं. पण ते घेताना माझं तोंड वाकडं झालं, आणि ते अजून पुरतं सरळ झालेलं नाही. हे ज्याला चालेल त्यानं पुढं वाचावं.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा छोटा फ्लॅट होता. मी घरी ब्लाऊज शिवायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती आणि कुणाचं माप वाढलं ते तोंडावर सांगायची खोडही होती. हे एसटीत ड्रायव्हर. मूळचे मलकापूरकडचे, आंबा घाटातली वळणं झोपेतही सांगतील असे. मुलगा विजू पुण्याला कंपनीत. ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि पुढं डोक्यातली माणसंही एकेक करून उतरून गेली, शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी होते तशी. राहिलो मी आणि विजू. विजू म्हणाला, "आई, तुला एकटीला झेपणार नाही." तेही खरंच होतं. फ्लॅट विकला, त्यानं पुण्यात मोठा घेतला, आणि त्यात आमच्यासाठी एक खोली ठेवली आहे असं सूनबाई फोनवर सांगायची. ती खोली मी अजून पाहिलेली नाही. आम्ही आलो इथं, गावाच्या कडेच्या या आश्रमात. बायका वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. नवरा-बायको असली तरी इथला नियम तोच. जेवणाच्या वेळी तेवढं मला खाली जायला मुभा होती.

ती मुभा मिळाली कारण हे माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नसत. शोभामावशीनं घास पुढं केला की ओठ घट्ट मिटायचे. स्वयंपाकीणबाईंनी लाडीगोडी लावून पाहिली, व्यवस्थापकांनी दम देऊन पाहिला. मी जाऊन समोर बसले की मात्र तोंड आपोआप उघडायचं. बाकीच्या बायका म्हणायच्या, "नशीबवान हाईस बाई, या वयात नवरा एवढा जीव लावतो." मी वरवर "कसलं नशीब" म्हणायची आणि आतून फुगायची. खरं सांगते, आयुष्यात मला दुसरं मिरवायला फारसं काही उरलं नव्हतं. शुक्रवारी अंबाबाईला जाणं बंद झालं होतं, कारण दुपारचा घास चुकला असता. तिचा फोटो कॉटशेजारच्या कपाटावर ठेवला होता. तिला रोज सांगायची, बाई, माझा हात चालता ठेव.

तर आता कांजण्यांची गोष्ट. सुरुवात झाली ती अक्काताईंच्या नागिणीपासून. अक्काताई म्हणजे आमच्या खोलीतल्या सगळ्यांत थोरल्या, कर्नाटकाच्या हद्दीकडच्या, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे बहिरे आजोबाही दचकावेत. त्यांच्या कमरेवर एका बाजूनं पाण्यानं भरलेल्या फोडांची ओळ उठली. नागीण! तिची दोन तोंडं जुळली की माणूस जातो असं आम्ही सगळ्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. डॉक्टरांच्या आधी अक्काताईंच्या भाच्यानं गावाकडचा एक उतरवणारा आणला. त्यानं मंत्र म्हणून फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूच्या रेघा ओढल्या, म्हणजे नागिणीची वाट बंद. आम्ही बायका पाळीपाळीनं त्यांच्याजवळ बसायचो. आग आग होतेय म्हणाल्या की पदरानं वारा घालायचो, लुगडं सारखं करायचो, सुकलेला गेरू ओल्या बोटानं पुन्हा ओला करायचो. नागीण काही दुसऱ्याला होत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. तोंडं जुळली नाहीत, अक्काताई वाचल्या, आम्ही मूठ मूठ साखर खाल्ली.

मग काही दिवसांनी आमच्या खोलीतल्याच मालतीकाकूंना ताप भरला. अगदी गरीब बाई, वर मान करून बोलायची नाही. ताप उतरेना, आणि एका सकाळी छातीवर, पाठीवर, तोंडावर मोत्यांसारखे फोड. अक्काताईंनी लुगड्याचा पदर बाजूला करून पाहिलं आणि हातच जोडले. म्हणाल्या, "बाई आल्यात. कुणी रोग म्हणू नका गं." आमच्याकडं कांजण्यांना रोग म्हणत नाहीत. ती देवी, आमच्या अंबाबाईचंच एक रूप, ती पाहुणी म्हणून येते, तिचा मान ठेवायचा, ती आपल्या पावलानं परत जाते. घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, दहीभात खायचा, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा. त्यात जोतिबाची यात्रा आलेली. व्यवस्थापक यात्रेला गेलेले, शोभामावशी तिच्या माहेरच्या गावच्या मानाच्या सासनकाठीबरोबर जोतिबाच्या डोंगरावर. आम्हाला अडवणार कोण? आम्ही सगळ्यांनी मिळून मालतीकाकूंची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. एकेक जण जायची, त्यांच्या कपाळाला कुंकू लावायची, पायाला हात लावायची, तो हात आपल्या डोळ्यांना लावायची. मीही गेले. मालतीकाकू बिचाऱ्या तापात संकोचून पाय आखडून घेत होत्या. आयुष्यात त्यांच्या पाया कुणी पडलं नसेल, आणि आम्ही पडत होतो.

यात्रा आटोपून माणसं परतली तोवर खोलीत आणखी अंगं तापायला लागली होती. राजारामपुरीहून डॉक्टर आले. तरुण मुलगा, पण धीराचा. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि कपाळाला हात लावला. नागीण आणि कांजण्या यांचं मूळ एकच, म्हणाला. ज्यांना लहानपणी कांजण्या येऊन गेल्या त्यांच्या अंगात तो विषाणू निजून राहतो, म्हातारपणी नागीण होऊन उठतो, आणि तिच्या फोडातल्या पाण्यानं दुसऱ्याला कांजण्या होतात, ज्याला कधी आल्या नाहीत त्याला. गेरू ओला करणारी आमची बोटं त्याच्या डोळ्यांपुढं असतील. "आणि तुम्ही ओटी भरलीत," तो म्हणाला, एवढंच. मालतीकाकूंना धाप लागली होती. मोठ्या माणसांना या फार जड जातात, फुप्फुसात उतरतात, असं सांगून त्यानं त्यांना गाडीत घालून दवाखान्यात हलवलं. त्या परत आल्या नाहीत. ओटीतला नारळ आणि हिरवा खण कॉटवर उशीखाली तसाच होता. ज्या बाईची आम्ही एवढ्या मानानं ओटी भरली तिलाच देवी घेऊन गेली, याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही. मीही कुणाला विचारला नाही, कारण जिला विचारायचा ती फोटोत नुसती बघत होती.

मालतीकाकूंना गाडीत घातलं त्याच दुपारी मी ह्यांना भरवून वर येत होते आणि जिन्यात शोभामावशीनं मला थांबवलं. माझ्या मानेवर तिनं बोट न लावता दाखवलं. पहिला फोड. मला लहानपणी आल्या नव्हत्या. ह्यांना आल्या होत्या का, हे सांगणारं कुणी जिवंत नाही. ज्यांना फोड उठले त्या सगळ्यांना वरच्या भजनाच्या हॉलमध्ये हलवलं आणि जिन्याला दोरी बांधली. अर्धांगाचा माणूस, त्यात छातीत कफ, त्यांना झालं तर संपलंच, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. म्हणजे माझा हात, जो ह्यांना जगवत होता, तोच आता त्यांना मारणारा ठरला. मी दोरीपाशी उभी राहून भांडले. तोंडाला फडकं बांधते, हातमोजे घालते, लांबून चमच्यानं भरवते, सगळं बोलून झालं. व्यवस्थापक म्हणाले, "काकू, तुम्हालाच त्यांची काळजी नाही का?" त्या माणसाला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

भजनाच्या हॉलची खिडकी अंगणावर उघडते आणि समोर खाली पुरुषांचा व्हरांडा दिसतो. ताप चढला तरी मी गजांना धरून उभी राहायची. शोभामावशीला कांजण्या येऊन गेलेल्या, त्यामुळं ती बिनधास्त खाली-वर करायची. ती ह्यांना खुर्चीत बसवून व्हरांड्यात आणायची, वाटीत दहीभात कालवायची, समोर बसायची. आणि ओठ घट्ट. बाई आलेल्या घरात फोडणी नको म्हणून सगळ्या आश्रमाला तेच अळणी, थंड जेवण. कोल्हापूरची म्हातारी माणसं बिनफोडणीच्या आमटीकडं अशी बघायची जणू त्यांना शिक्षा झालीय. पण ती कुरकुरत का होईना खायची. हे नाहीत. दूध ओठांवरून ओघळून गंजीफ्राकवर यायचं. कधी मान फिरवून जिन्याच्या दाराकडं बघत राहायचे. मी खिडकीत आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी मागं सरायची. मी दिसले असते तर त्यांनी हाक मारली असती, आणि मला जाता आलं नसतं.

डॉक्टरनं खाली ह्यांना तपासून व्यवस्थापकांना सांगितलं ते शोभामावशीनं मला येऊन सांगितलं. असंच चाललं तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. तिथं घरचं कुणीतरी चोवीस तास हवं. मी विजूला फोन केला. त्यानं नीट ऐकून घेतलं. चांगलाच बोलला, वाईट नाही बोलला. "आई, घाबरू नकोस, मी मॅनेजरशी बोलतो. पण मलाही झालेल्या नाहीत ना कांजण्या, तुला आठवतंय का? आणि इथं पोरीची, रियाची परीक्षा. मी घेऊन आलो घरात तर?" मी म्हटलं, "डॉक्टर सांगत होते, लस असते. घेऊन ये. वडील उपाशी आहेत." तो म्हणाला, "बघतो." हा 'बघतो' मला त्याच्या शाळेपासून ओळखीचा आहे. त्याच्या मागून कधी काही आलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी फोटोशी भांडले. हॉलमध्ये येताना तो तेवढा बरोबर आणला होता. अंगाची नुसती आग होत होती, खाजवू नको म्हणून नखं कापलेली, टाळूतसुद्धा फोड. मी तिला म्हटलं, तू पाहुणी म्हणून आलीस, मी तुझ्या पाया पडले, तू मालतीला नेलंस, माझा हात काढून घेतलास. आता ह्यांना तूच भरव. तुला हात आहेत की. नाही जमत तर मुलगा पाठव. तेवढं तरी कर. एवढं बोलून मी फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकापाशी आवाज चढले. आमच्यासारख्या ठिकाणी एक रीत आहे. कुणाच्या आईची, वडिलांची पुण्यतिथी असली की लोक आमच्यासाठी जेवण घेऊन येतात. एरवी येऊन पंगतीत वाढतात, फोटो काढतात, आमच्याकडून आशीर्वाद घेतात. या दिवसांत मात्र डबे फाटकात ठेवून, नाकाला रुमाल लावून निघून जायचे. त्या दिवशी मोटरसायकलला दोन्ही बाजूंना मोठे डबे बांधून एक माणूस आला. पन्नाशीचा, विजूच्याच वयाचा, तसाच आडव्या अंगाचा. हुपरीचा. घरात चांदीची पैंजणं बनवायचं काम, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं. आईच्या नावाचं जेवण आणलं होतं, पुरणपोळी आणि कटाची आमटी. आता कटाची आमटी म्हणजे फोडणी, मसाला, वर लाल तर्री. तिचा वास फाटकातून आमच्या खिडकीपर्यंत आला. अक्काताई शेजारच्या आमच्या खोलीच्या खिडकीतून ओरडल्या, "ए पावणं, फोडणीचं आत न्हाय आणायचं! बाई आल्यात हितं!" व्यवस्थापक म्हणाले, डबे ठेवा आणि जा, नंतर बघू. तो डबे खालीच ठेवीना. "आईच्या नावाचं हाय. माझ्या हातानं वाढणार. परत न्हेणार न्हाय आन् हितं टाकून जाणारबी न्हाय."

"आरं पण बाई कोपंल की," अक्काताई म्हणाल्या.

त्यानं वर बघितलं. तोंडभर बारीक खळगे होते त्याच्या. "मला येऊन गेल्यात, आज्जी. थोरपणी आल्या, मरता मरता सोडलं मला. बाई मला वळखत्यात."

ज्याच्या अंगावर बाई येऊन गेली तो तिच्या घरचाच, हेही आमच्यातच मानतात. अक्काताई खिडकीतून मागं सरल्या आणि म्हणाल्या, "मग येऊ द्या त्याला. त्याचं तिचं ते बघून घेतील."

तो व्हरांड्यात एका टोकापासून वाढत आला. म्हाताऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. एक आजोबा आमटीचा वास घेऊन रडले, खरंच रडले. ह्यांच्यापाशी आला तेव्हा शोभामावशी म्हणाली, "त्ये खाईत न्हाईत. ऱ्हाऊ द्या." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि उकिडवा बसून पोळीचा तुकडा आमटीत कुस्करायला लागला. ह्यांनी त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओठ हलले. वरून मला ऐकू आलं नाही, पण तो शब्द ऐकायची मला गरज नव्हती. त्या ओठांवर दोनच नावं उरली होती आणि माझं नाव असं तोंड पसरून घेत नाहीत. "विजू" म्हणाले.

तो माणूस गोंधळला. शोभामावशी त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. मग त्याचा मोठा आवाज मला खिडकीत स्वच्छ ऐकू आला. "व्हय आबा, मीच हाय. उशीर झाला जरा. आ करा."

विजूनं ह्यांना कधी आबा म्हटलं नाही, पप्पा म्हणायचा. तो विजू नाही, असं ओरडायला मी तोंड उघडलं. कुणीतरी हुपरीचा माणूस येतो आणि माझ्या नवऱ्याला फसवतो. पण ह्यांनीही तोंड उघडलं होतं. घास आत गेला. चावला. गिळताना गळ्याची घाटी वर-खाली होते ना, ती मला इतक्या लांबून दिसली. मग दुसरा. मी गजांना धरून उभी होते आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ते आमटीच्या वासानं जेवले, की विजूच्या आशेनं, की मी आदल्या दिवशी जिला तोंडावर बोलले तिच्यामुळं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, चव हो काकू, चव. असेलही.

तो दुसऱ्या दिवशी परत आला. त्याचं नाव तानाजी. पैंजणांचा माल द्यायला सराफांच्या गुजरीत यावंच लागतं, इकडून वाट वाकडी केली की झालं, असं म्हणाला म्हणे. बायकोनं दिलेला डबा असायचा, झणझणीत काहीतरी, आणि अक्काताईंनी त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. मी वरून बघायची. तो ह्यांच्याशी रस्त्यांच्या गप्पा मारायचा, आंबा घाटात गाडी कुठं गरम होते ते विचारायचा, आणि ह्यांचे दोन-दोन शब्द बाहेर पडायचे. माझ्याशी कित्येक महिने ते घाटाबद्दल बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं, मला घास संपवायची घाई असायची. नळी घालायचं पुन्हा कुणी बोललं नाही. ह्यांच्या अंगावर एकही फोड उठला नाही.

माझ्या खपल्या पडल्या. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालून शोभामावशीनं दोरी सोडली. मी तशीच ओल्या केसांनी खाली गेले, हातात वाटी घेऊन. किती दिवसांनी समोर बसले. मला त्यांनी ओळखलं, हसले. माझ्या गालावरच्या डागाकडं बघून डोळे ओले झाले. मग मी घास पुढं केला आणि त्यांनी मान फिरवली. रागानं नाही. अगदी समजुतीनं म्हणाले, "विजू येतोय. तो भरवतोय." मी वाटी खाली ठेवली. तापात झालं नव्हतं इतकं वाईट मला तिथं वाटलं. एवढी वर्षं ज्या हातावर मी फुगले होते तो हात मी लुगड्याला पुसत बसले.

तानाजी आला तेव्हा मी त्याला व्हरांड्याच्या कोपऱ्यात गाठलं. मला भांडायचंच होतं. विचारलं, कुणी सांगितलं तुला खोटं बोलायला? त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "काकू, माझी आई आजारी पडली तवाच मला अंगावर आलत्या. मला शेजारच्या घरात ठेवलतं. ती सारखी हाक मारायची, तान्या भरवंल तर खाते म्हणायची. मला जाऊ दिलं न्हाय. ती तशीच गेली की." डबा पुन्हा उचलत म्हणाला, "तुम्ही म्हणत आसशीला तर उद्यापास्नं येत न्हाय." मी म्हटलं, "ये."

सगळं निवळल्यावर, आश्रमात नवा फोड कुणाला नाही असं डॉक्टरनं लिहून दिल्यावर, विजू आला. तोंडाला मास्क, हातात फळांची करंडी. मला बघून त्याचे डोळे भरले, ते खोटे नव्हते. तो माझ्याच पोटचा आहे, मला कळतं. आम्ही दोघं ह्यांच्यापाशी गेलो. त्यानं मास्क खाली केला, वाकून पाया पडला, "पप्पा, कसे आहात?" म्हणाला. ह्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं, आणि डाव्या हातानं समोरच्या खुर्चीकडं खूण केली. दारात आलेल्या माणसाचा मान ठेवायची सवय तेवढी शिल्लक आहे.

"बसा पावणं. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

विजू हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. "पप्पा, मी विजू."

ह्यांनी मान हलवली, चुकलेल्या माणसाला वाट सांगावी तसं. "विजू येतोय माझा. रोज येतोय. थांबा, भेटून जावा."

विजूनं माझ्याकडं बघितलं. "आई, सांग ना त्यांना." मला सांगता आलं असतं. फोटो दाखवून, लहानपणच्या गोष्टी काढून, थोडं रडून-भेकून मी ह्यांच्या डोक्यात त्याला परत बसवलंही असतं कदाचित. पण मग रोज येणारा तो कोण, हेही सांगावं लागलं असतं, आणि उद्या घास कुणाच्या हातून गेला असता? विजूच्या? तो तर संध्याकाळच्या आत पुण्यात पोचायचं म्हणत होता. मी म्हटलं, "थांब जेवणापर्यंत. तो येईल, भेटून जा." विजू थांबला नाही. त्याला ट्रॅफिक लागणार होतं. तो फाटकातून गाडी काढत असताना समोरून तानाजीची मोटरसायकल आली. वाट अरुंद, तेव्हा विजूनं गाडी थोडी मागं घेतली आणि हातानं त्याला आधी आत यायची खूण केली. तानाजीनंही हात वर केला. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते.

मी त्या दिवशी वर जाऊन भिंतीकडं तोंड केलेला फोटो सरळ केला. तिच्यापुढं बसले. मी मुलगा पाठव म्हटलं होतं, तिनं पाठवला. माझाच पाठव, असं मी म्हटलंच नव्हतं. मला वाटलं ते वेगळं सांगावं लागत नाही. हे जिवंत आहेत, जेवतात, रोज त्यांचा मुलगा भेटायला येतो असं त्यांना वाटतं, आणि इथल्या किती म्हाताऱ्यांना ते वाटतं? याबद्दल मी तिचे उपकार मानते, खोटं बोलत नाही. माझ्याच हातानं व्हावं हा हट्ट तेवढा तिनं काढून घेतला. तिच्यावर सोडून देणं म्हणजे असंच असेल, की ती देईल ते घ्यायचं आणि कुणाच्या हातून दिलं ते विचारायचं नाही. मला जमतंय हळूहळू.

आता जेवणाच्या वेळी मी खाली जाते. तानाजी भरवतो, मी वाटी धरते. शुक्रवारी येताना तो अंबाबाईच्या देवळाबाहेरून वेणी आणतो, ती मी फोटोला घालते, पाया पडते. तिच्याशी अजून बोलत नाही. बोलेन. एवढ्या वर्षांची ओळख आहे, ती थांबेल.